कोनफळाचा केक करणाऱ्या भाचीला

बाय, केकचे साचे नंतर बघू. आधी कोनफळ कुणाकडून आणि कधी घ्यायचं ते ठरव.

मृगाच्या आगेमागे लावलेलं कोनफळ पावसाळाभर कुंपणावर, नाहीतर जवळच्या झाडावर चढतं. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात. वेल पुरता वाळल्याशिवाय खणू नये. त्याआधी कुणी आणलं तर ते पाणचट निघतं आणि उकडल्यावर पिठूळ होत नाही. मार्गशीर्ष ते माघ, एवढेच तुझ्या केकचे महिने धर. मुंबईतले गुजराती भाजीवाले यालाच रताळू म्हणतात. फोनवर मागवताना नीट सांग, नाहीतर उपासाची रताळी घरी यायची.

उंधियूवाल्यांना मोठं, गुळगुळीत कोनफळ लागतं, कारण त्यांना तुकडे नीट पाडायचे असतात. पण आपल्या जांभ्याच्या जमिनीत ते सरळ कुठलं वाढतंय? दगड लागला की वळतं, फाटे फुटतात, खणताना पहारीचा घाव बसतो. बाजारात बसलेल्या बाईला संध्याकाळी तेच परत घरी न्यावं लागतं. तुला तर ते पुरणयंत्रातूनच काढायचंय, मग वेडंवाकडंच माग. आणि पडेल भावात मागू नकोस गो, खड्डा खणायला तिला तेवढेच कष्ट पडलेत. घाव बसलेलं आधी संपव, ते फार दिवस राहत नाही. अखंड असेल तर न धुता, हवेशीर अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव. फ्रिजमध्ये मुळीच नको, कच्चं कोनफळ त्या थंडीने बिघडतं.

सोलायच्या आधी हातांना खोबरेल चोळ. कच्च्या कोनफळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांचीच. साल जाडच काढ. किलोमागे पाऊण किलो गर मिळाला तरी पुष्कळ. पाण्यात बुडवून उकडलंस तर रंग पाण्यात उतरतो, म्हणून मोदकपात्रात वाफव. गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढ. गार झाल्यावर हात दुखतील आणि गुठळ्या राहतील त्या वेगळ्याच.

आता रंगाचं. हा जांभळा रंग अँथोसायनिनचा. आंबट लागलं की तो गुलाबीकडे झुकतो, सोडा पडला की निळा-हिरवट होतो. शेवाळी रंगाचा केक गिऱ्हाईकाला कोण देणार? खायचा सोडा घालूच नकोस, बेकिंग पावडर घाल आणि सोबत अर्धा चमचा लिंबाचा रस.

पाव किलो गराला 200 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम साखर, तीन अंडी, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी नारळाचं दाट दूध, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. 180 अंशांवर चाळीसेक मिनिटं. गर घट्ट वाटला तर नारळाचं दूध चमचा-दोन चमचे वाढव, पण मैदा वाढवू नकोस. कोनफळात स्टार्च भरपूर असतो, वरून मैदा वाढला की केक दडदडीत होतो. पुरता गार झाल्याशिवाय कापू नकोस, गरम कापलास तर आत चिकट दिसतो आणि लोकांना कच्चा वाटतो.

सगळीच कोनफळं आतून गडद नसतात. काहींना सालीखाली जांभळी कड असते आणि आत नुसता पांढरा गर. घेताना नखाने खरवडून बघ. तरीही एखादा घाणा फिका निघालाच तर जांभळ्या इसेन्सची बाटली उघडायची नाही. फिलिपिन्समध्ये याच कंदाला उबे म्हणतात. त्याचा आटवून केलेला हलवा, आइस्क्रीम, केक तिकडे घरोघरी. बागियो शहरातल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटच्या नन्सचा उबे जॅम प्रसिद्ध आहे. एकदा जांभळा उबे पुरेसा मिळेना, तेव्हा त्यांनी शेतकऱ्यांकडे होता तो पांढरा घेतला आणि रंग न घालता पांढराच जॅम विकायला ठेवला. तूही चिठ्ठीवर लिही, ‘या आठवड्यात केक फिका आहे.’ ज्याला घ्यायचा तो घेईल. ज्याला नुसता फोटोच काढायचाय, ते गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

ऑर्डर घेताना तारखा जपून घे. वाफवलेला गर डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवलास तर होळीपर्यंत निभेल, त्यापुढची ऑर्डर घेऊ नकोस. एप्रिलमध्ये कुणी अडून बसलं तर फणसाचा केक सांग, तेव्हा फणस बाजारात असतो. कोनफळवालीला मात्र आत्ताच, लावणीच्या आधी सांगून ठेव, यंदा किती किलो घेणार ते. थोडी उचलही दे. जूनमध्ये बेणं, शेणखत आणि मजुरी सगळं एकदमच येतं, आणि तिच्या हातात पैसे मात्र पौषात. बेण्यालाही कंदाचा वरचा, वेलाकडचा भाग चांगला. तू अख्खा कंद घेतेस, तर तेवढा तुकडा कापून, कापल्या जागी राख लावून तिलाच परत दे.