घरातील संगणकांची देवघेव

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद मिळवीत. कोणी मूळ कागद देई, कोणी नुसती नक्कल उतरून घेऊ देई. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात अशी दप्तरे जपलेली आहेत. कागद एकापाशी असला, की दुसऱ्यापाशी नसे.

संगणकातील फाइलीचे तसे नाही. जळगावच्या एखाद्या घरी तीन संगणक एकाच राउटरला जोडलेले असले, तर एकावरील केळीबागेचा हिशेब उरलेल्या दोहोंवरही उघडता येतो. इंटरनेट बंद असले तरी हे काम अडत नाही.

अडचण असते ती भाषेची. विंडोज प्रणालीचे संगणक 'एसएमबी' नावाच्या संकेताने बोलतात. इतरांना तो कळत नसे. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने संगणकांमधील देवघेव बारकाईने न्याहाळून तिचे नियम उलगडले आणि १९९२ साली युनिक्स संगणकासही तशी फाइल पुरविता येईल असे केले. पुढे एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द कोशात शोधून त्याने या प्रणालीचे नाव 'साम्बा' ठेवले. नाव ठेवण्याची ही रीत मोठी गमतीची खरी!

हिशेबाची फाइल इतरांना केवळ वाचावयास द्यावी. दोघे एकाच वेळी लिहू लागले, तर एकाचे लिखाण पुसले जाण्याचा धोका असतो. सामायिक कप्प्यास परवलीचा शब्दही हवाच. वायफाय वापरू दिलेल्या पाहुण्याने घरचे दप्तर का चाळावे? मात्र मूळ फाइल ज्या संगणकावर आहे तो बंद असला, तर ती शेजारच्या खोलीतूनही उघडत नाही.