ठेव आणि हिशेब

अमेरिकेत दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीय बांधवांकरिता १८६५ साली ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ स्थापन झाली. धोबिणी, मजूर व शिपाई यांनी आपला घामाचा पैसा तीत ठेविला. सरकार आपल्या ठेवीस जामीन आहे असा त्यांचा समज होता. तो खरा नव्हता.

१८७० मध्ये सनद बदलून जमिनीच्या तारणावर कर्जे देण्याची मोकळीक झाली. मग कारभाऱ्यांच्या ओळखीच्या धनिकांस अपुऱ्या तारणावर मोठाल्या रकमा मिळाल्या. १८७३ च्या मंदीत पुष्कळ कर्जे बुडाली. १८७४ च्या मार्चात फ्रेडरिक डग्लस अध्यक्ष झाले व त्यांनी पदरचे १०,००० डॉलर पेढीस उसने दिले. तरी जूनअखेर ती बंद पडली. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. अनेकांस एक पैही परत मिळाली नाही.

दोष गरिबांच्या काटकसरीचा नव्हता. हिशेब न देणाऱ्यांचा होता. म्हणून आम्ही सुचवितो की, आपल्या पतपेढीच्या सभेत प्रत्येकाने विचारावे: पैसा कोणास दिला? तारण काय घेतले? हिशेब कोणी तपासला? असे विचारणे हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक कारभाऱ्यास हे प्रश्न जड वाटणार नाहीत.