उद्देशिकेवरील निबंध : अनेक आधार, एक विधान

राष्ट्राच्या आदर्शांवर निबंध लिहावयास सांगितला असता सातवी-आठवीची मुले बहुधा उद्देशिकेतील शब्द क्रमाने उतरवून काढतात व प्रत्येकाखाली एक स्तुतिपर वाक्य जोडतात. हा उतारा झाला, निबंध नव्हे. दोन-तीन आधार वाचून, ते परस्परांशी ताडून, त्यांतून स्वतःचे एक विधान उभे करणे हा संश्लेषणात्मक निबंधाचा गाभा होय.

आधार थोडे व निवडक असावेत. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली उद्देशिका हा पहिला. दुसरा, पंडित नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत मांडलेला व २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झालेला उद्दिष्टांचा ठराव. तिसरा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण. शेवटच्या दोहोंचे सार शिक्षकाने सोप्या शब्दांत फळ्यावर लिहून द्यावे.

आता ताडून पाहण्याचे काम. ठरावात न्याय, समता, स्वातंत्र्य आहे, बंधुता नाही. उद्देशिकेत ती आहे. हा शब्द कोठून आला, असे वर्गास विचारावे आणि थांबावे. (उत्तर सांगून टाकण्याचा मोह आपणां शिक्षकांस फार!) आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात तो घातला व बंधुभावाची निकड पूर्वी कधी नव्हती एवढी आज आहे, असे कारणही नोंदविले. फाळणीचा रक्तपात ताजा होता, गांधीजींच्या हत्येस महिनाही लोटला नव्हता, आणि आपल्या मराठवाड्यात रझाकारांचा उच्छाद चालू होता. एवढे कळले की मुलास तो शब्द पाठांतराचा वाटत नाही.

तिसरा आधार पहिल्या दोहोंशी सहज जुळत नाही. म्हणूनच तो घ्यावा. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती त्या भाषणात स्पष्ट सांगितली आहे. उद्देशिका संकल्प सांगते, भाषण उणीव दाखविते. दोहोंना एकाच परिच्छेदात आणताना मुलास स्वतः विचार करावाच लागतो.

एक सावधगिरी. उद्देशिकेखाली २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख असली, तरी ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ व ‘एकात्मता’ हे शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले आहेत.

मुखेडच्या मुलांसाठी आणखी एक प्रश्न सुचवितो : ‘आम्ही भारताचे लोक’ यांत आपले पूर्वज केव्हा आले? संविधान सभेतील हैदराबाद संस्थानाच्या जागा रिकाम्या राहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानाने संविधान स्वीकारले गेले. आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील शेतकऱ्याने व मजुराने मत दिले. यांपैकी कोणताही क्षण निवडावा, पण का निवडला ते लिहावे.

गुण देताना अक्षर व अलंकार यांपेक्षा आधारांची सांगड पाहावी. एखाद्या मुलीने ‘आमच्या गावच्या पाणवठ्यावर बंधुता अजून यावयाची आहे’ असे लिहिले, तर ते वाक्य तांबड्या शाईने खोडू नये. समासात एवढेच विचारावे : हे कोणत्या आधाराशी ताडून लिहिलेस?