दिल्ली–बागडोगरा, डावीकडची खिडकी

दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना डावीकडची, म्हणजे ‘ए’ अक्षराची सीट घ्या, हे दार्जिलिंग-सिक्कीम करून आलेला कोणीही सांगेल. विमान पूर्वेला जातं, हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला. येताना उलट, ‘एफ’. इथवर बरोबर. पण नुसत्या अक्षरावर विसंबलात तर आमच्या सासूबाईंसारखी गत होईल.

त्यांच्यासाठी जादा पैसे मोजून ‘ए’ घेतली होती. सीटच्या नकाशात तिथे खिडकी होती. विमानात निघाली मळकट पांढऱ्या प्लास्टिकची सपाट भिंत. बोईंग 737-800 मध्ये पंखाच्या जरा पुढे, साधारण दहाव्या-अकराव्या रांगेपाशी, एसीची नळी भिंतीतून वर जाते, त्यामुळे तिथे खिडकी बसत नाही. सीट मात्र ‘विंडो’ म्हणूनच विकली जाते. सासूबाई सारख्या मान वळवून मागच्या मुलाला विचारत होत्या, “दिसतोय का रे बाळा डोंगर?” आणि तो मोबाइलमधून डोकं न काढता “हो आजी” म्हणत होता. तक्रार केली तर उत्तर आलं, बाहेरच्या दृश्याची हमी कंपनी देत नाही. खिडकीचीही देत नाही, हे पैसे घेताना कुठे लिहिलं नव्हतं!

तेव्हा तिकिटावर विमान कोणतं ते आधी बघा. एअरबस ए320 असेल तर साधारण नवव्या ते विसाव्या रांगेपर्यंत पंख आडवा येतो. पंखाखालची शेतं दिसली नाहीत तर फारसं बिघडत नाही, पण हिमालय लांबवर, क्षितिजालगत दिसतो आणि उडताना वर उचललेलं पंखाचं टोक नेमकं तिथेच येतं. पुढच्या रांगा सर्वांत चांगल्या, अर्थात महागही. शेवटच्या रांगांतून डोळ्यांना छान दिसतं; फोटो मात्र इंजिनाच्या गरम हवेमुळे थरथरल्यासारखे येऊ शकतात. मी तरी पैसे वाचवून मागे बसते. आणखी एक खोच आहे. खिडक्या सुमारे 21 इंचांवर असतात आणि खुर्च्या 28 ते 30 इंचांवर, त्यामुळे चांगल्या रांगेतही खिडकी कधी कधी खांद्यामागे जाते.

सीट जमली तर लखनौ मागे पडल्यावर शटर उघडं ठेवा. आधी धौलागिरी, मग अन्नपूर्णा. पुढे एव्हरेस्टच्या टप्प्यात पुष्कळांची गल्लत होते, कारण मकालू अलीकडे असल्याने जास्त उठून दिसतो. एव्हरेस्ट त्याच्या डावीकडे, ल्होत्सेच्या भिंतीमागून डोकं काढतं. विमान खाली यायला लागलं की 8,586 मीटरचं कांचनजंगा असं अंगावर येतं की एव्हरेस्टची चुकामूक झाली तरी हळहळ राहत नाही. सूर्य दक्षिणेकडे, आपल्या पाठीशी असल्याने डोळे दिपत नाहीत आणि शिखरांवर समोरून ऊन पडतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं सकाळचं विमान घ्या. पावसाळ्यात ढगच दिसतात, एप्रिल-मेमध्ये धुरकट असतं आणि ऐन थंडीत दिल्लीचं धुकं विमानच उडू देत नाही. मुंबईहून थेट विमान सोयीचं खरं, पण ते मध्य भारतावरून तिरकं जातं, त्यामुळे डोंगरांची रांग शेवटी थोडीशीच दिसते. हिमालयासाठीच खिडकीचे पैसे भरणार असाल तर दिल्लीवरून जा.