आराखड्याआधी बाजार मोजा: बेंगळुरूच्या शिवाजीनगरसाठी एक कृती

विकास आराखडा करताना बहुतेक वेळा नकाशा आधी येतो आणि त्या जागी पोट भरणारी माणसं नंतर. रस्ता रुंद होतो, पण त्याच्या कडेचा धंदा मोडतो. हे टाळायचं तर त्या भागाचं आर्थिक बळ कशात आहे आणि अडचणी कुठं आहेत, हे आधी मोजावं लागतं. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. घरोघर, दुकानोदुकान जाऊन शहराचा हिशेब मांडण्याची ती वाट एखाद्या बाजारपेठेपुरती आजही चालता येते.

इथं उदाहरण घेतलं आहे शिवाजीनगरचं. नावावरून मराठी वाचकाला ही शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळातली वस्ती वाटेल, पण ही पेठ वाढली ती इंग्रजांच्या छावणीच्या आधारानं. रसेल मार्केट, कमर्शियल स्ट्रीट, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची गुजरी, सेंट मेरी बॅसिलिका, बाउरिंग रुग्णालय आणि बीएमटीसी या शहर बससेवेचं मोठं बसस्थानक हे सगळं इथं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

काय लागेल

- सहा ते आठ कार्यकर्ते. त्यांच्यात कन्नड, दखनी उर्दू आणि तमिळ बोलणारे हवेतच.
- गल्ल्या ओळखू येतील एवढा मोठा नकाशा, नोंदवह्या, घड्याळ.
- पाहणीसाठी दीड-दोन महिने, आणि सणासुदीला पुन्हा मोजणी करण्याची तयारी.

कृती

१. हद्द बाजाराची आखा, प्रभागाची नको. छावणीचा हा भाग १९४७ मध्ये म्हैसूर संस्थानाकडे परत आला आणि १९४९ मध्ये शहराची आणि छावणीची अशा दोन्ही नगरपालिका एक होऊन बेंगळुरू महापालिका झाली. २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या पाच महापालिका झाल्या. कागदावरच्या सीमा अशा हलत राहतात, गिऱ्हाईक मात्र आपल्या सवयीच्या वाटेनंच येतं. म्हणून नकाशावर दोन रेषा काढा. आतली रेषा जिथं धंदा चालतो त्या भागाची, बाहेरची जिथून माल, मजूर आणि गिऱ्हाईक येतं त्या भागाची.

२. सरकारी आकडे वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. २०११ ची जनगणना, २०१३ सालची सहावी आर्थिक गणना आणि जिल्ह्याच्या उत्पन्नाचे अंदाज हाताशी ठेवा. हे आकडे एक तर जुने आहेत किंवा मोठ्या क्षेत्राचे आहेत. शहराशी तुलना करायला ते उपयोगी पडतील, गल्लीचं खरं चित्र त्यांत मिळणार नाही. तुलनेसाठी पायाभूत वर्षही जपून निवडा. फेब्रुवारी २०१२ मध्ये रसेल मार्केटला मोठी आग लागली. २०२० मध्ये टाळेबंदी होती आणि त्याच सुमारास कमर्शियल स्ट्रीट नूतनीकरणासाठी खोदलेला होता. अशा वर्षाशी तुलना केली तर पुढची साधी सुधारणाही भरभराट वाटेल.

३. प्रत्येक गाळा पायी फिरून नोंदवा. काय विकतात किंवा काय बनवतात, किती माणसं काम करतात, जागा स्वतःची की भाड्याची, धंदा घाऊक, किरकोळ की दुरुस्तीचा, एवढं पुरे. रस्त्यावरून दिसणाऱ्या दुकानांवर थांबू नका. वरच्या मजल्यावरचे शिंपी, जिन्याखालचा घड्याळजी, हातगाडी, सकाळी चारच तास बसणारी फुलवाली आणि घरी बसून कपड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायका यांचीही नोंद झाली पाहिजे. यांना गाळलं तर आराखडाही त्यांना गाळणार.

उत्पन्न थेट विचारू नका. लोक बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं रास्त आहे. त्याऐवजी परिमाण विचारा. दिवसाला किती क्रेट टोमॅटो येतात? किती ब्लाउज शिवून होतात? किती मजुरांना रोज द्यावा लागतो? त्यावरून उलाढालीचा अंदाज बांधता येतो. नाव-गाव वहीत लिहू नका आणि तसं सुरुवातीलाच सांगून टाका.

४. गर्दी वेळेनुसार मोजा. पाच-सहा ठिकाणं ठरवा: बसस्थानकाचं तोंड, रसेल मार्केटचा चौक, बॅसिलिकेसमोरचा रस्ता, रुग्णालयाचं फाटक, कमर्शियल स्ट्रीटचं टोक. प्रत्येक ठिकाणी पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं माणसं मोजा. कामाचा एक दिवस आणि एक रविवार घ्या. पुढं रमजानच्या संध्याकाळी, ८ सप्टेंबरच्या मेरीमातेच्या सणाच्या आधीच्या नऊ दिवसांत आणि नाताळच्या आठवड्यात हीच मोजणी पुन्हा करा. सणांवर वर्षाची किती कमाई अवलंबून आहे हे कळल्याशिवाय रस्ता कधी खोदायचा हे ठरवता येत नाही.

५. पैशाची वाट काढा. गुजरीत मोटारीच्या एखाद्या जुन्या स्टार्टरपाशी थांबा. गाडी तोडणारा तो सुटा करतो. दुसरा धुऊन-घासून त्याचं वंगण काढतो. तिसरा त्याचे कार्बन ब्रश बदलून तो चालवून बघतो. गाळेवाला तो गॅरेजवाल्याला विकतो, आणि जे चालत नाही त्यातलं तांबं-लोखंड किलोवर जातं. एका वस्तूवर चार-पाच घरं चालतात, आणि ती सगळी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात म्हणूनच माल स्वस्त पडतो.

प्रत्येक मुख्य धंद्याची अशी साखळी कागदावर काढा. मग विचारा: शंभर रुपयांच्या विक्रीतले मजुरी, दुरुस्ती, वाहतूक आणि चहापाणी यांवर किती इथंच फिरतात, आणि घाऊक व्यापारी, घरमालक आणि सावकार यांच्याकडे किती बाहेर जातात? जास्त पैसा जिथं गळतो तिथं मदतीची गरज आहे. जिथं फिरतो तिथं हात लावताना सावध राहा.

६. बळाचा आकडा काढा. अर्थशास्त्रात याला स्थानीकरण गुणांक म्हणतात. समजा, इथल्या शंभर कामगारांपैकी बारा सुट्या भागांच्या धंद्यात आहेत आणि सगळ्या शहरात शंभरांपैकी दोन. बाराला दोननं भागलं की गुणांक सहा येतो. एकाहून बराच मोठा आकडा आला तर तो धंदा या भागाची खासियत आहे आणि बाहेरचा पैसा इथं आणतो आहे, अशी शक्यता धरा. मग निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं खरंच दुरून येतात का, हे दुकानात विचारून पडताळा.

७. बळ आणि अडचण एकाच ओळीत मांडा. या कृतीतली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. नेहमीच्या तक्त्यात बळ एका चौकटीत आणि अडचण दुसऱ्या चौकटीत जाते. खऱ्या बाजारात ती एकाच गोष्टीची दोन अंगं असतात.

- दाटी: गिऱ्हाईक एका फेरीत सगळं घेतं, हे बळ. बंब आत येऊ शकत नाही, ही अडचण.
- रसेल मार्केटची १९२७ ची इमारत: ओळख आणि पत, हे बळ. जुनी वायरिंग, निचरा, कचरा, माल उतरवायला जागा यांची तपासणी गाळ्यागणिक करावी लागेल, ही अडचण.
- उधारीवर चालणारा व्यवहार: भांडवलाशिवाय धंदा सुरू होतो, हे बळ. कागद नसल्यानं बँक दारात उभं करत नाही, ही अडचण.
- मेट्रोच्या गुलाबी मार्गावरचं भुयारी स्थानक: नवं गिऱ्हाईक, हे बळ. भाडी चढली तर जुने भाडेकरू हटतील, ही भीती.

प्रत्येक ओळीसमोर पुरावा लिहा: मोजणी, मुलाखत की सरकारी कागद. पुरावा नसेल तर ती ओळ खोडा. नंतर प्रत्येक सुचवलेल्या कामाला एकच प्रश्न विचारा: ही अडचण काढताना तिच्यासोबतचं बळ उपटलं जाणार आहे का? आगीच्या भीतीनं सगळा बाजार शहराबाहेर हलवला तर आगही जाईल आणि बाजारही. त्याऐवजी बंबासाठी एक वाट मोकळी राखणं, वायरिंग बदलणं आणि पाण्याच्या टाक्या बसवणं हे काम कमी गाजावाजाचं असलं तरी दाटीतला धंदा शाबूत ठेवतं.

८. बाजारातच वाचून दाखवा. निष्कर्ष लोकांच्या भाषांत, दुकानं उघडण्याआधी किंवा मिटल्यावर वाचा. चुका तिथंच दुरुस्त होतात. पथविक्रेत्यांच्या बाबतीत कायदाही सोबत आहे. २०१४ च्या कायद्यानं 'नैसर्गिक बाजार', म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक जिथं परंपरेनं जमतात अशी जागा, ही कल्पना मान्य केली आहे, ठरावीक काळानं विक्रेत्यांची पाहणी बंधनकारक केली आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. तुमच्या नोंदी त्या समितीपुढं ठेवा.

९. तीनच कामं निवडा, आणि पुन्हा मोजा. लांबलचक यादीतलं काहीच होत नाही. एक काम सहा महिन्यांत होणारं, एक दोन वर्षांचं आणि एक मोठ्या खर्चाचं असं निवडा. प्रत्येकासमोर कोण करणार, खर्च कुठून येणार आणि काम चालू असताना कुणाची रोजी बुडणार, हे लिहा. ज्याची रोजी बुडणार त्याची तात्पुरती जागा ठरल्याशिवाय कुदळ लागता कामा नये. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, त्याच आठवड्यात, त्याच वेळी मोजणी करा. गर्दी वाढली पण कामाला असलेली माणसं घटली, तर विकास कुणाचा झाला हे आकडेच सांगतील, आणि आराखडा बदलायला तेवढं कारण पुरेसं आहे.