सागरतळातील मिथेन आणि त्याला अडविणारे सूक्ष्मजीव

दलदलीत काठी खुपसली की तळातून बुडबुडे वर येतात. अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराकाठी हा वायू गोळा करून तो ज्वालाग्राही असल्याचे दाखविले. हाच मिथेन होय. खेड्यातील गोबर गॅसमध्येही प्रमुख घटक तोच असतो.

सागरतळाच्या गाळात मिथेनची निर्मिती पायरीपायरीने होते. मृत प्लवकांचे अवशेष तळाशी साचतात. त्यांचे विघटन होताना प्रथम ऑक्सिजन संपतो. त्याखालचे जीवाणू समुद्रजलातील सल्फेट वापरून श्वसन करतात. सल्फेटही संपल्यावर आर्किया नावाचे सूक्ष्मजीव पुढे सरसावतात आणि हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून, किंवा ॲसिटेटपासून, मिथेन तयार करतात.

हा मिथेन हळूहळू वर झिरपतो, तर सल्फेट वरून खाली उतरते. दोहोंची जेथे गाठ पडते त्या पट्ट्यात दुसऱ्या जातीचे आर्किया व सल्फेट वापरणारे जीवाणू जोडीने मिथेनचे ऑक्सिडीभवन करतात, आणि तेही ऑक्सिजनवाचून. या सहजीवनाचा सूक्ष्मदर्शकीय पुरावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला. संथपणे झिरपणारा बहुतेक मिथेन येथेच नाहीसा होतो. परंतु तो भेगांतून बुडबुड्यांच्या रूपाने वेगाने निघाला, तर हे सूक्ष्मजीव त्याला पुरे पडत नाहीत. त्यांची वाढ अत्यंत मंद असते. संख्या दुप्पट व्हावयास महिने लागतात. म्हणून नवी गळती सुरू झाल्यास तिच्यावरचा पहारा उभा राहण्यास पुष्कळ काळ जातो.

आर्क्टिकमध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. थंडी व दाब यांमुळे तेथील गाळात मिथेन पाण्याच्या बर्फसदृश जाळीत कोंडलेला असतो. या पदार्थास मिथेन हायड्रेट म्हणतात. २००८ मध्ये स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेस बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक स्तंभ आढळले. सागराची उष्णता वाढल्याचा हा परिणाम असावा, अशी शंका प्रथम आली. २०१८ मधील एका अभ्यासाने मात्र निराळे कारण दाखविले: हिमयुगानंतर बर्फाचा भार उतरल्याने सागरतळ वर उचलला गेला, दाब घटला आणि हायड्रेट विरघळू लागले. एका निरीक्षणावरून घाईने निष्कर्ष काढणे किती धोक्याचे, हे यावरून कळते. खोल पाण्यात बुडबुडे बहुधा वाटेतच विरघळतात. पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्रात मात्र ते हवेपर्यंत पोहोचू शकतात.

भारताचा या संशोधनाशी जवळचा संबंध आहे. स्पिट्सबर्गेनवरील ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र २००८ पासून कार्यरत असून त्याचे काम गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०१८ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सागरतळावर मिथेनच्या गळतीची ठिकाणे आढळली.

शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता अडवितो. म्हणून सागर तापत असताना गाळातील हे सूक्ष्म पहारेकरी किती मिथेन अडवू शकतील, यावर पृथ्वीच्या हवामानाचे भवितव्य काही अंशी अवलंबून आहे.