मिलीबगनं शिकवलेलं नर-मादीचं गणित

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत वाढलो आणि पुढे कीटकांच्या गुणसूत्रांकडे वळलो. नर आणि मादी वेगळे का घडतात, हे प्राण्यांवर शोधू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी या चार गोष्टी.

१. प्राणी निवडताना आधी आपला बांध पाहा. द्राक्षवेलीच्या ओलांड्याची सुटी साल काढली की गुलाबी मिलीबग सापडतो. मादीला पंख नाहीत, ती जन्मभर रस शोषते. नराला दोन पंख, पण तोंडच नाही. थोड्या दिवसांत मरतो. एवढा फरक, तरी गुणसूत्रं दोघांतही दहाच. एक्स-वाय हा प्रकारच नाही.

२. मग फरक येतो कुठून? नराच्या गर्भात बापाकडून आलेली पाचही गुणसूत्रं सुरुवातीलाच आवळली जातात आणि गप्प होतात. ब्राऊन आणि नेल्सन-रीस या संशोधकांनी मिलीबगच्याच एका जातीत हे पारखलं, १९६१ मध्ये. बापाला जबर क्ष-किरण दिले. मुली मेल्या, मुलगे वाढले. बापाची मोडकी गुणसूत्रं मुलग्यांत बंदच होती ना! इतका स्वच्छ प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही. पुढे १९७५ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एच. शरत चंद्र यांनी ब्राऊन यांच्यासोबत सस्तन प्राण्यांच्या एक्स गुणसूत्राचा विचार मांडला, त्यामागेही या किड्यांचा अभ्यास होता.

३. किडे लाल भोपळ्यावर वाढवा. फवारलेल्या बागेतले आणू नका, मुंग्या लांब ठेवा.

४. मिलीबगचं उत्तर माणसाला चिकटवू नका. तिथे उंदीर जवळचा. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक घातल्यावर दोन एक्स असलेला उंदीरही नर झाला, हे लंडनमध्ये १९९१ साली दिसलं. पण नर-मादीत दिसणारा एखादा फरक संप्रेरकांचा की गुणसूत्रांचा? साध्या उंदरात दोन्ही जोडीनंच येतात, म्हणून सांगता येत नाही. संशोधकांनी एसआरवाय वायवरून काढून दुसऱ्या गुणसूत्रावर बसवलं. त्यातून चार तऱ्हेचे उंदीर मिळाले: एक्स-एक्स आणि एक्स-वाय, दोन्हींत वृषणवाले आणि अंडाशयवाले. आता तुलना खरी होते. शेवटी घरचं: आमच्याकडे मुलगी झाली की अजून सुनेलाच बोल लावतात. माणसात एक्स की वाय हे बापाच्या शुक्रजंतूवर ठरतं. किड्यांवर काम करणाऱ्यानं निदान आपल्या घरात तरी हे ठणकावून सांगावं.